हवापालट आणि घरची हवा

गोकाकजवळ घटप्रभा वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली झेपावते. घटप्रभा गावच्या आरोग्यसंस्थेमुळे या परिसराला हवापालटाचे ठिकाण म्हणून लौकिक लाभला. दम्याच्या मुलाला तेथे न्यावे का, असे निपाणीकडील पालक मला आजही विचारतात. अवश्य न्यावे! चार दिवसांत धाप कमी झाली, तर आनंदच आहे. मात्र माझ्या मते त्याचे श्रेय नदीच्या तुषारांपेक्षा तंबाखूच्या धुळीपासून मिळालेल्या सुटकेला अधिक आहे. विड्या वळण्याचे सूप आणि मुलाचे अंथरूण एकाच खोलीत असेल, तर परतल्यावर खोकला पुन्हा हजर. सूप पडवीत न्यावे. इन्हेलर प्रवासातही थांबवू नये. आणि डॉक्टरबंधूंनो, 'घरी विड्या कोण वळते?' हे आपण औषधचिठ्ठीपूर्वी विचारतो का?