दोन टक्क्यांचा हिशेब झाला. नफा कसा झाला, त्याचे काय?

पावसाळ्यात समुद्र मुंबईला तिचा कचरा परत करतो. भरती ओसरली की चौपाटीवर प्लास्टिकचा थर पसरलेला असतो. मग एखाद्या रविवारी एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले कंपन्यांचे कर्मचारी पोती घेऊन किनारा साफ करताना दिसतात. शेजारी प्रायोजकाचा फलक असतो. पोत्यांत जमा होतात ती बिस्किटांची, वेफर्सची आणि शाम्पूची वेष्टने, म्हणजे उद्योगांनीच बाजारात आणलेली. उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीतील विसंगती या दृश्यात सामावली आहे.

ही जबाबदारी कायद्याने बंधनकारक करणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मागील आर्थिक वर्षात ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, एक हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. २०२१ मध्ये तरतुदी अधिक कडक झाल्या. खर्च न झालेली रक्कम ठरावीक खात्यात किंवा सरकारी निधीत जमा करणे आवश्यक झाले आणि कसूर केल्यास दंडही आला.

यातून काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी या कामांसाठी २५ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च केला. शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी यांना त्याचा आधार मिळाला. मात्र कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगत असल्याने जिथे उद्योग आहेत तिकडेच पैसा अधिक वळतो. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या आकांक्षित जिल्ह्यांची गरज मोठी, पण तेथे उद्योग थोडे.

जबाबदारी दोन, खाती वेगळी

खरा प्रश्न याहून खोलवर आहे. दोन टक्क्यांचा हिशेब नफा हाती आल्यानंतर सुरू होतो; तो नफा मिळवताना नदीत, हवेत वा रस्त्यावर काय सोडले गेले, हे त्या हिशेबात येत नाही. इतर कायद्यांनी लादलेली कर्तव्ये पार पाडण्याचा खर्च सामाजिक जबाबदारीत धरता येणार नाही, असे नियमांतही स्पष्ट केले आहे. म्हणजे किनारा झाडणे वेगळे आणि आपले वेष्टन परत घेणे वेगळे. पहिले काम छायाचित्रात दिसते, दुसरे ताळेबंदाला बोचते.

राज्याचा अनुभव पाहा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तुंबलेल्या गटारांचे खापर पिशव्यांवर फुटले आणि त्यांच्यावर निर्बंध आले. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने व्यापक प्लास्टिकबंदी जाहीर केली. दुधाच्या पिशवीसाठी ५० पैसे आणि पाण्याच्या बाटलीसाठी आकारानुसार एक-दोन रुपये ग्राहकाला परत देण्याची कल्पनाही त्यात होती. पिशवी देणाऱ्या दुकानदाराला दंड झाला. परतफेडीची पद्धत मात्र रोजच्या व्यवहारात रुजली नाही. कारखान्यातच माल भरला जातो त्या वेष्टनांनाही सवलत मिळाली.

ही सवलत कोणाला महाग पडते, हे पुण्यातील 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या कामातून कळते. बाटलीला भंगारात भाव मिळतो. अनेक थरांच्या चकचकीत वेष्टनाला तो जवळपास नसतोच. ते वेचण्याचे कष्ट कचरावेचक महिलेचे, विल्हेवाटीचा खर्च महापालिकेचा आणि विक्रीचा नफा उत्पादकाचा, अशी ही वाटणी आहे.

ती बदलण्यासाठी केंद्राने २०१६ च्या नियमांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आणली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची सविस्तर चौकट ठरवली. बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या प्रमाणात कंपनीने पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे मिळवायची, अशी ही पद्धत आहे. पण २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही पुनर्प्रक्रिया उद्योगांची प्रमाणपत्रे बनावट आढळली. कागदावर प्लास्टिक परत आले, प्रत्यक्षात ते नाल्यातच राहिले.

उद्योगांकडे पैसा, तंत्रज्ञान आणि गावोगाव पोहोचलेली वितरणव्यवस्था आहे. जी साखळी पाच रुपयांचा पुडा दुर्गम पाड्यावर पोहोचवते, तिला रिकामे वेष्टन परत आणणे अशक्य नाही. ते फक्त खर्चिक आहे. आघाडीच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणविषयक अहवाल देणे 'सेबी'ने बंधनकारक केले आहे. त्यामुळे किती खर्च केला याबरोबरच किती प्लास्टिक बाजारात आणले आणि किती परत घेतले, असा प्रश्न भागधारक व ग्राहक आता विचारू शकतात. त्याचे उत्तर मिळेपर्यंत चौपाटीवरची सफाई दरवर्षी नव्याने करावी लागेल.