गुणांची बेरीज

‘गुण’ या एका शब्दाने शाळामास्तरांच्या जगात फार घोटाळा करून ठेवला आहे. उत्तरपत्रिकेवर आम्ही लाल शाईने देतो तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. पहिल्यांची बेरीज होते, दुसऱ्यांची होत नाही, एवढे तरी पूर्वी सर्वांना ठाऊक होते. हल्ली सोलापुरात सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत कुठेही मान वर करा, क्लासवाल्यांच्या फलकांवर दुसऱ्या गुणांचीही बेरीज करून टांगलेली दिसते. आत्मविश्वास अधिक चिकाटी अधिक वेळेचे नियोजन अधिक ध्येयनिश्चिती, बरोबर यशाचे शिखर. खाली फीचा आकडा. हा हिशेब खोटा आहे. फराळाचे ताट समोर असताना असले बोलणे कडू लागेल, पण चिवडा आणि चकलीच्या मध्ये एखादे कारले चालून जावे.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. तेव्हा ही कोल्ह्याची आंबट द्राक्षे आहेत, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे.

गेल्या वर्षी आमच्या पालकसभेला असेच एक व्याख्याते मानधन देऊन बोलावले होते. त्यांनी सात गुण सांगितले आणि हे सात ज्याच्यापाशी आहेत तो वर जाणारच, अशी हमी दिली. समोर बसलेल्या आयांपैकी निम्म्या विड्या वळणाऱ्या. हे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. त्यातल्या वाईट ठरलेल्या विड्या कारखान्यात बाजूला काढतात, त्यांचे पैसे नाहीत. पान आणि तंबाखू मात्र बाईनेच हिशेबात भरून द्यायची.

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, रोज हजार विड्या वळते मी. चिकाटी म्हणता, ती हाय. वेळ म्हणता, पहाटे चारला उठते, चुकत नाही. मग माझं यश कुठं अडकलंय?”

व्याख्याते हसून उत्तरले, “ताई, तुमची ध्येयनिश्चिती कमी पडली.”

सभेत थोडे लोक हसलेसुद्धा. माझा सारा राग त्या हसण्यावर आहे. यशवंतांना चार टाळ्या जास्त मिळाल्या तर माझी ना नाही. पण गुण म्हणजे यशाची किंमत असे एकदा ठरले की, ज्याला यश मिळाले नाही त्याने किंमतच भरली नाही, असा अर्थ आपोआप निघतो. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला आळशी ठरवायचे, तेही तिच्या मुलीच्या देखत.

यावर कोणी म्हणेल, आपल्याच गावचे वालचंद हिराचंद पाहा. अवश्य पाहावेत. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थाने कॉलेज अर्ध्यावर सोडले. १९१९ साली ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला धाडून त्यांच्या मंडळींनी इंग्रज जहाजकंपन्यांशी वैर पत्करले, पुढे विमानाचा कारखाना, जहाजबांधणी, मोटारी. छाती मोठी होती, यात शंका नाही. पण पाठीशी वडिलांची पेढी होती, आणि रेल्वेच्या कंत्राटात पहिला भागीदार भेटला तो फाटक नावाचा, रेल्वेतलाच कारकून, ज्याला त्या कामाची खाचखळगे माहीत होती. फलकावर पेढी आणि फाटक कधी लिहीत नाहीत.

दुसरे नाव हटकून निघते ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. यांचा तर या यादीशी सुतराम संबंध नाही. जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. मुंबईत वैद्यकी शिकून पुढच्या शिक्षणाची तयारी चाललेली. म्हणजे ध्येय निश्चित झालेले होते. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनकडे काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवायचे ठरवले, आणि या तरुणाने ते निश्चित ध्येय बाजूला ठेवले. पाचांपैकी तिघे यथावकाश परतले. त्यात कमीपणा काही नाही, वर्षभर आघाडीवर राहणे हेच पुष्कळ. कोटणीस आणि बसू राहिले. इकडे वडील वारल्याची बातमी गेली, तरी कोटणीस आले नाहीत.

मला त्यांच्या सर्व कर्तृत्वात एक गोष्ट थोर वाटते. ते चिनी भाषा शिकले. जखमी शेतकऱ्याला ‘कुठे दुखते’ हे त्याच्याच बोलीत विचारता यावे आणि शिकाऊ डॉक्टरांना त्यांच्याच भाषेत शिकवता यावे, म्हणून. मराठी शिकवताना निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात हे विसरणाऱ्या आम्हा मास्तरांना यात काही घेण्यासारखे आहे. कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते १९४१ साली प्रमुख झाले. त्यांना फेफऱ्याचे झटके येत. ते अंगावर काढून काम चालूच. ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले तेव्हा वय ३२, मुलगा काही महिन्यांचा. त्यांनी विश्रांती घ्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. मुलांपुढे त्या मरणाची आरती ओवाळू नये. पण शिखर गाठण्यासाठी हा माणूस तिकडे गेला होता, असे तरी निदान सांगू नका. त्याच्या समोर रोगी होते आणि डॉक्टर थोडे होते.

आमच्या वक्तृत्वस्पर्धेत मात्र कोटणीसांवरचे भाषण ‘जिद्द आणि चिकाटीमुळे ते यशस्वी झाले’ या वाक्यानेच संपते. पोरांचा दोष नाही, आम्हीच तसे लिहून देतो.

त्या बाईंची मुलगी यंदा आठवीत आहे. गणित चांगले आहे. घर म्हणजे एक खोली, तीत पानांची टोपली, आजारी आजी आणि लहान भाऊ. शाळेचा एक वर्ग संध्याकाळी आठपर्यंत उघडा ठेवावा, असा अर्ज मी जूनमध्ये दिला. शिपायाच्या जादा वेळेचे पैसे कोण देणार, या प्रश्नावर तो अडला आहे. त्या व्याख्यात्यांच्या मानधनात शिपायाचे चार महिने सहज निघाले असते. यंदाच्या पालकसभेला पुन्हा कोणाला बोलवावे याची चर्चा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. तेव्हा तो अर्ज मी परत पुढे ठेवणार आहे.