सरासरी म्हणजे कुंडली नव्हे

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतील जोडण्या क्षीण असतात, अशी बातमी देताना यंत्राने जणू तंतूच पाहिले असे भासवले जाते. वस्तुतः डिफ्यूजन एमआरआय मोजतो ते पाण्याच्या रेणूंचे विसरण. तंतूंचे मार्ग हे त्यावरून गणिताने काढलेले अनुमान. थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांच्या जोडण्यांत सरासरी फरक आढळतो, हे खरेच. पण त्यावरून एकेका बाळाचे भविष्य वर्तवता येत नाही (कुंडल्यांची हौस आपल्याला मुळातच दांडगी!). शिवाय या क्षेत्रातील एक मोठा विदासंच लंडनमधील नवजातांचा. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बालके मुदतपूर्व जन्मली. जगातील पाचव्या हिश्शाहून अधिक. ती शाळेत जाईपर्यंत त्यांचा पाठपुरावा कोण करणार, हे वार्ताहर का विचारत नाहीत?