‘टेन्शन’ला मराठीत काय म्हणाल?



आपल्या वर्गात सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘टेन्शन’. परीक्षा आली, टेन्शन. बाबांच्या कंपनीत माणसे कमी करणार, टेन्शन. आकाशात मोठा आवाज झाला, तरी टेन्शनच! शब्द इंग्रजी आहे म्हणून आमची तक्रार नाही. ‘पेन’ आणि ‘बस’ आम्हीही म्हणतो. पण सगळे एकाच पिशवीत कोंबले की आत काय आहे तेच कळेनासे होते.

मराठीत पाहा. घरी यायला कोणाला उशीर झाला तर काळजी वाटते. निकालाच्या आदल्या रात्री हुरहूर लागते. अचानक स्फोट ऐकला की छातीत धस्स होते. पुढे काय होणार हे दिवसेंदिवस समजत नाही, तेव्हा जीव टांगणीला लागतो. आणि आई-बाबा काही न बोलता नुसत्या येरझाऱ्या घालतात, तेव्हा मुलांच्या पोटात गोळा येतो. छाती, पोट, घशाची कोरड, गार पडलेले हातपाय: या शब्दांत शरीर किती आहे!

अशा शब्दांचा उपयोगही होतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले, तेव्हा चेहऱ्यावरच्या भावनेला नेमका शब्द लावताच मेंदूतील अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. धोक्याची घंटा वाजवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

आता आपल्या मुसफ्फाकडे येऊ. १७ जानेवारी २०२२ चा दिवस मोठ्यांना आठवत असेल. येमेनच्या हौथी बंडखोरांनी केलेल्या हल्ल्यात इथल्या औद्योगिक वसाहतीत, ॲडनॉकच्या इंधनसाठ्याजवळ, तीन टँकरचा स्फोट झाला. दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी असे तिघे मरण पावले, सहा जण जखमी झाले. पुढच्याच सोमवारी, २४ तारखेला पहाटे, अबुधाबीवर आलेली दोन क्षेपणास्त्रे हवेतच पाडण्यात आली. ओमायक्रॉनमुळे १७ तारखेला शाळा घरूनच चालू होत्या. म्हणजे मुले घरातच होती. त्याआधी २०२० मध्ये करोनाच्या काळात मुसफ्फातल्या सुमारे ३,३५,००० रहिवासी आणि कामगारांच्या तपासणीची मोहीम निघाली, तेव्हाही मुले घरातच होती आणि सगळे ऐकत होती.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते: “काही नाही, तू अभ्यास कर.” आम्हाला हे उत्तर पटत नाही. मुले लहान असतात, बहिरी नसतात. काय झाले ते घरात कोणी सांगितले नाही, तर ती मोबाईलवर शोधतात, आणि तिथे खऱ्या बातमीशेजारी दहा खोट्या बसलेल्या असतात. (अफवा पुढे पाठवणे हा या देशात गुन्हा आहे. जानेवारी २०२२ पासून त्यासाठी नवा कडक कायदा लागू झाला. फॅमिली ग्रुपवरच्या काका-मामांनाही हे सांगून ठेवावे.)

मुलांना कशाला घाबरवायचे, असे काही पालक म्हणतील. सगळे सांगा असे आम्ही म्हणतच नाही. पाच वर्षांच्या मुलाला चार वाक्ये पुरतात: “लांब मोठा आवाज झाला. काय झाले ते सरकार सांगेल. आपण सगळे घरात आहोत. मलाही धस्स झाले.” यातले शेवटचे वाक्य गाळू नये. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र बाबांची नोकरी आणि घराचा व्हिसा एकमेकांना बांधलेला आहे, हे माहीतच असते. तिच्याशी पैशांचे, परत जाण्याचे, शाळेचे मोकळेपणी बोलावे.

शरीराचे थोडक्यात सांगतो. झोपेची वेळ मोडू नये, फोन उशाशी नको. श्वास सोडताना तो लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात. मुलांना हे खेळासारखे शिकवता येते. जुलैत बाहेर अंगाची लाही होते, तेव्हा मॉलमध्ये फेऱ्या माराव्यात. खरेदी केलीच पाहिजे असे नाही!

डॉक्टरांकडे जायला आपली माणसे कचरतात. नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, ही धास्ती. पण २०२३ च्या मानसिक आरोग्य कायद्याने इथे रुग्णाच्या गोपनीयतेला आणि नोकरीलाही संरक्षण दिले आहे. प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या ८००४६३४२ या क्रमांकावरही मोफत समुपदेशनाची सोय आहे. भारतातल्या आजी-आजोबांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलीमानस ही सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येते. आपण त्यांना “इकडे सगळे ठीक” सांगतो, ते आपल्याला “तिकडची काळजी करू नका” सांगतात, आणि दोन्हीकडची झोप उडालेली असते.

पुढच्या शनिवारी येताना प्रत्येक मुलाने आजी-आजोबांना फोन करून विचारून यावे की, भीती वाटली, काळजी लागली, तर ते कोणता शब्द वापरतात. कोकणातला, खानदेशातला, विदर्भातला, कुठलाही चालेल. आपण ते सगळे फळ्यावर लिहू. पालकांनीही एकेक शब्द आणावा. ‘टेन्शन’ चालणार नाही.