अकरावी हे विसाव्याचे वर्ष नव्हे

दहावीत बरे गुण पडलेल्या मुलीला वस्तीत सगळेच विचारतात, "काय गं, डॉक्टर होणार ना?" ती मान हलवते. पण त्यापुढे दीड वर्ष घरात कोणीच हिशेब मांडीत नाही. पालक आम्हांला विचारायला येतात ते बहुधा बारावीच्या दिवाळीनंतर, "आता क्लास लावू का?" म्हणून. त्या वेळी सांगण्यासारखे फार थोडे उरलेले असते. म्हणून आजचे हे लिखाण, ज्यांची मुले नुकतीच अकरावी सायन्सला गेली आहेत त्यांच्यासाठी.

एमबीबीएसचा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. २०२५ सालच्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते, गुण ७२०. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, जीवशास्त्राला. भौतिक आणि रसायनशास्त्राला १८०-१८०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले की एक कापला जातो. बारावीत इंग्रजी पास हवे, आणि या तीन विषयांत मिळून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ४० टक्के पुरतात. 'चाळीस टक्के पुरतात' हे वाक्य आपल्याकडे फार लवकर पसरते. ते फक्त दाराशी उभे राहण्यापुरते आहे, जागा नीटच्या गुणांवरच मिळते.

आता हिशेब करू. नीटचे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या अंगाने येतात. या पुस्तकांत सध्या जीवशास्त्राचे ३२, भौतिकशास्त्राचे २८ आणि रसायनशास्त्राचे १९ धडे आहेत. एकूण ७९. त्यांतले ४२ अकरावीचे, म्हणजे निम्म्याहून अधिक. अकरावीला बोर्ड नाही म्हणून जो वर्षभर हिंडला, त्याने निम्मी नीट तिथेच सोडली.

त्यात आपल्या राज्य मंडळाच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. दोलन, औष्णिकगतिकी, श्वसन व रक्ताभिसरण, हे एनसीईआरटीच्या अकरावीतले धडे आपल्या कॉलेजात बारावीला येतात. कॉलेजच्या क्रमाने गेले तर बारावीत सगळा ढीग एकदम अंगावर पडतो. म्हणून ७९ धड्यांची नावे एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावावी आणि कॉलेजात कोणता धडा केव्हा शिकवतील ते विचारून पुढे लिहावे. उशिरा येणारे जीवशास्त्राचे धडे अकरावीच्या मे महिन्यात आपले आपण वाचता येतात. भौतिकशास्त्राचे मात्र शिकविणारा असल्याशिवाय जमत नाही, तिथे हट्ट करू नये.

ऑगस्टपासून धरले तर बारावीच्या एप्रिलअखेरपर्यंत नव्वद आठवडे होतात. शेवटचे बारा बोर्डाच्या परीक्षेत आणि उजळणीत जातील. सहामाही, दिवाळी, घरातले लग्न, एखादा ताप, यांत दहा तरी जातातच. राहिले अडुसष्ट. म्हणजे आठवड्याला एक धडा, आणि कधीकधी दोन. ही चाल झेपणारी आहे, पण दोन महिने वाया गेले की झेपेनाशी होते.

पहाटे चार ते रात्री अकरा असे वेळापत्रक भिंतीला लावणारी मुले आम्ही पाहिली आहेत. चौथ्या दिवशी त्या कागदाला कोणी विचारीत नाही. एका खोलीत पाच माणसे, सकाळी पाण्याची रांग, वडिलांची रात्रपाळी, हे सगळे धरूनच तास मोजावे. रोज तीन आणि रविवारी पाच असे खरोखर मिळणारे तेवीस तास पुष्कळ आहेत. आईबापांनी एवढेच पाहावे की त्या तीन तासांत टीव्ही बंद राहील, आणि पाणी भरायचे काम फक्त मुलीच्याच वाट्याला येणार नाही.

गणित ठेवावे की सोडावे? झेपत असेल तर ठेवावे, इंजिनियरिंगचे दार उघडे राहते. सोडले तरी फार्मसी, नर्सिंग, शेती हे मार्ग राहतातच. पण गणित सोडले म्हणून भौतिकशास्त्र सुटत नाही. लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि आलेख पहिल्या दोन महिन्यांत पक्के करून घ्यावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी नव्या इंग्रजी शब्दांची एक वही वेगळी ठेवावी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पण दोन वर्षे ज्या भाषेत वाचले त्याच भाषेत ती घेणे सोयीचे.

आणि कागदपत्रे. राज्याच्या ८५ टक्के जागांत राखीव जागा घ्यायची तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत करता येतो. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची गर्दी मोठी असते, म्हणून हे काम अकरावीतच सुरू करावे. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा शोधायला गावी जावे लागते. चुलत्याची वैधता झालेली असेल तर तिची प्रत आधी मागून घ्यावी. अखिल भारतीय १५ टक्क्यांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला निराळा असतो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून आहेत, तेव्हा हा दाखलाही राज्याच्या दाखल्याबरोबरच काढून ठेवावा. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आज रात्रीच तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.