भंडारदऱ्याला गाडी नको, सायकल न्या!

पावसाळा सुरू झाला की आपल्या हॉस्टेलवर दोन गोष्टी हमखास होतात. वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि कॉरिडॉरमधून कोणीतरी ओरडतं, "चला, भंडारदरा!" मग दहा-बारा बाईक निघतात. रंधा धबधब्यावर फोटो, धरणाखाली अम्ब्रेला फॉलपाशी फोटो, शेंडीत भाजलेलं कणीस, आणि रात्री मेस बंद व्हायच्या आत परत. दुसऱ्या दिवशी "काय बघितलं?" असं विचारलं की उत्तर मोबाईलमध्येच असतं.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की भंडारदरा बघायचा असेल, आणि तोही इंजिनिअर म्हणून, तर सायकलने जा. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं जमत नाही. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे!)

आधी रस्ता सांगते. संगमनेर, अकोले, विठ्याचा घाट, राजूर आणि शेंडी, असं साठेक किलोमीटर अंतर आहे. राजूरला पेढे घ्या, पुढच्या चढाला उपयोगी पडतात. शेंडी हे धरणाच्या भिंतीजवळचं गाव. तिथून जलाशयाला पूर्ण वळसा घालता येतो. मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. अंतर चाळीसेक किलोमीटर. बाईकवर हे दोन-अडीच तासांत उरकतं. सायकलवर दोन दिवस ठेवा, मुक्काम साम्रद किंवा रतनवाडीत करा. गावात घरगुती जेवण आणि झोपायला जागा मिळते. तुमचे पैसे तिथल्या घरात जातात, आणि भाकरी आपल्या मेसपेक्षा कितीतरी बरी असते.

या वळशावर बघण्यासारखं भरपूर आहे. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की जमीन अचानक संपते. साम्रदजवळ सांदण दरी आहे. रतनवाडीला अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे, आणि मागे रतनगड. त्याच डोंगरात प्रवरा उगम पावते. पण ही सगळी ठिकाणं गाडीतून उतरूनही दिसतात. मग सायकल कशाला?

कारण गाडीत चढ कळत नाही. ॲक्सिलरेटर जरा पिळला की काम झालं. सायकलवर प्रत्येक मीटरचा हिशोब मांड्यांना द्यावा लागतो. पहिल्या वर्षी आपण पोटेन्शियल एनर्जीचं सूत्र पाठ करून पेपरात लिहितो. मला ते खऱ्या अर्थाने घाटघरच्या चढावर कळलं.

गेल्या मार्चच्या शेवटी आम्ही चौघी मैत्रिणी हा वळसा करत होतो. एका पाड्याजवळ सायकली हातात धरून चढ चढत होतो. पुढे तीन बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या, आणि त्या आमच्यापेक्षा जोरात होत्या! उजवीकडे खाली जलाशय चमकत होता. वर पोचल्यावर त्यांनीच आम्हाला पाणी दिलं. पाड्यावर नळ होता. "मार्चनंतर त्याला पाणी नसतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, समोर एवढं धरण आहे की!" त्या हसल्या. "ते पाणी खाली जातंय पोरी. वर कुठं येतंय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कारण ते पाणी खाली जातं म्हणजे कुठे जातं? आपल्याकडे! भंडारदरा धरणाचं बांधकाम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. उंची ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी. संगमनेरजवळच्या ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा कालवा निघतो, आणि त्या पाण्यावर प्रवरेचा सगळा ऊसपट्टा उभा आहे. आपलं कॉलेज याच पट्ट्यात आहे. सकाळी बाथरूमसमोर बादली घेऊन आपण जी भांडणं करतो, ती रतनगडाच्या पाण्यावरून करतो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं, पण ऑगस्ट आला की घरोघरी प्रश्न तोच असतो, "भंडारदरा भरलं का?" धरणाच्या वर राहणाऱ्यांना मार्चमध्ये पाणी आहे का, हे आपल्यापैकी कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, पाणी वर चढवणं सोपं आहे का? त्याच वळशावर घाटघरला याचं उत्तर आहे. तिथला उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. १२५ मेगावॉटचे दोन संच, एकूण २५० मेगावॉट. विजेची मागणी कमी असते तेव्हा कोकणातल्या खालच्या धरणातलं पाणी पंपाने चारशे मीटरहून जास्त उंच घाटमाथ्यावर चढवतात, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज बनवतात. साधा सायकलस्वार आरामात १०० वॉट देतो असं धरलं, तर २५० मेगावॉटसाठी एकाच वेळी पंचवीस लाख सायकलस्वार लागतील. हे सगळं डोंगराच्या पोटात चालतं. इंजिनिअरिंग म्हणून अभिमान वाटावा असंच काम आहे ते.

आता त्या हंड्याचा हिशोब करू. हंडा १५ लिटरचा, म्हणजे १५ किलो. चढ माझ्या अंदाजाने साठेक मीटर उंचीचा. गुणाकार केला तर जवळपास ९ हजार जूल येतात. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. पंप आणि पाइपमध्ये निम्मी ऊर्जा वाया गेली असं धरलं, तरी एका युनिटमध्ये सुमारे २०० हंडे वर चढतात. म्हणजे तीन हजार लिटर पाणी! पंप, पाइप, टाकी, परवानग्या, देखभाल हे सगळं अवघड आहे आणि त्याला पैसा लागतो, हे मान्य. पण निदान जूल कमी पडत नाहीत.

काही मित्र म्हणाले, "तुम्ही सायकल चालवल्याने कोणाचा हंडा हलका होतो का?" नाही होत. पण फायनल इयरचे प्रोजेक्ट आठवून बघा. दरवर्षी तेच होम ऑटोमेशन, तेच घरातले दिवे मोबाईलवरून लावणं. सीनियरचा रिपोर्ट, नवीन कव्हर. आपल्याला दुसरा प्रश्न सुचत नाही, कारण प्रश्न जिथे आहेत तिथून आपण साठच्या स्पीडने जातो. सायकलवर धाप लागून थांबावंच लागतं, आणि थांबलं की माणसं बोलतात.

म्हणून माझी एक सूचना आहे. हॉस्टेलमागच्या स्टँडमध्ये पासआउट झालेल्यांच्या सायकली गंजत पडल्या आहेत. रेक्टर सरांनी त्या भंगारात देण्याऐवजी वर्कशॉपला द्याव्यात. मेकॅनिकलची मुलं ब्रेक, चेन, बेअरिंग नीट करतील. गिअर नसले तरी चालेल, चढावर उतरून ढकलायचं, त्यात लाज कसली? एन.एस.एस.ने ऑक्टोबरच्या अखेरीस ट्रिप काढावी. तेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि डोंगर अजून हिरवे असतात.

नियम थोडेच ठेवू. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत, दाबत-सोडत यायचं. पंक्चरचं सामान बरोबर. हा परिसर अभयारण्याचा आहे, बिबटे आहेत, म्हणून उजेड असतानाच मुक्काम गाठायचा. आपला कचरा आपल्या सॅकमध्ये परत. स्पीकर नाही. किती तासांत वळसा मारला याची स्पर्धा तर अजिबात नाही.

आणि हो, ट्रिपला मुली येणारच. "मुलींना कसं झेपेल?" असं विचारणाऱ्यांनी आधी १५ लिटरचा हंडा घेऊन आपल्या हॉस्टेलचे तीन मजले चढून दाखवावेत. मग परवानगीचं बोलू!