धूर नसलेल्या तंबाखूचा फसवा पर्याय

सिगारेट किंवा विडी ओढणारा मनुष्य डॉक्टरांच्या धाकाने, घरच्यांच्या आग्रहाने अथवा कचेरीतील निर्बंधांमुळे धूम्रपान सोडतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या खिशात तंबाखूची पुडी व चुन्याची डबी दिसू लागते. व्यसनातून निम्मे तरी सुटलो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. धूर फुप्फुसात जात नाही, शेजाऱ्याला उपद्रव होत नाही आणि खर्चही कमी येतो. तेव्हा झाले ते बरेच झाले, असे त्याचे आप्तेष्टही म्हणतात. या भाबड्या समजुतीला अलीकडे शास्त्रीय परिभाषेचा टेकू मिळू लागला आहे. ‘हानी कमी करणारा पर्याय’ हा पाश्चात्त्य देशांतील सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेतला शब्दप्रयोग आपल्याकडेही ऐकू येतो. तो येथे जसाच्या तसा लागू पडतो काय, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या युक्तिवादाचे माहेर स्वीडन. तेथे ‘स्नूस’ नावाची ओलसर तंबाखू वरच्या ओठाखाली ठेवण्याची जुनी चाल आहे. १९९२ साली युरोपीय समुदायाने या वस्तूच्या विक्रीस बंदी केली. पण १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात सामील झाला तो या बंदीतून सवलत घेऊनच. स्वीडिश पुरुषांत सिगारेटचे प्रमाण उतरले, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे त्यांच्यातील प्रमाण युरोपात अगदी कमी असलेल्यांपैकी आहे, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. २०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही स्वीडिश स्नूसच्या उत्पादकाला, सिगारेट पूर्णपणे सोडून स्नूसकडे वळल्यास काही रोगांचा धोका घटतो, असे सांगण्याची मुभाही दिली. तथापि, स्नूस तयार करताना तंबाखू वाफेने तापवली जाते आणि त्यामुळे कर्करोगकारक नायट्रोसामाइन्सचे प्रमाण खाली राहते, हा तपशील ते उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत.

आपल्याकडील पुडीत असते ते द्रव्य निराळे. उन्हात वाळवलेल्या आणि आंबवलेल्या पानात ही नायट्रोसामाइन्स तयार होतात. त्यात चुना मिसळला की मिश्रण अल्कधर्मी बनते, निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. मळलेल्या तंबाखूला ‘किक’ येते ती चुन्यामुळे. सवयीची पकड घट्ट होते तीही त्याच कारणाने. मावा, खर्रा आणि गुटखा यांत या जोडीला सुपारी येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचा निर्णय १९८५ मध्येच दिला होता. २००४ मध्ये तंबाखूविना नुसती सुपारीही त्याच वर्गात टाकली. चघळण्याच्या तंबाखूचा संबंध तोंड, अन्ननलिका व स्वादुपिंड या तिन्ही ठिकाणच्या कर्करोगांशी जोडला गेला आहे. सुपारीने गालांच्या आतील अस्तर ताठरते आणि तोंड उघडणे क्रमाक्रमाने कमी होत जाते. हा विकार एकदा जडला की मूळ स्थिती परत येत नाही, आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवण्याची शक्यता राहते. विशीतील मुलाला घास घेण्यापुरतेही तोंड उघडता येऊ नये, असे रुग्ण विदर्भातील दंतवैद्यांना नवे नाहीत.

२०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०२२ या एका वर्षाचा हिशेब मांडला आहे. धूरविरहित तंबाखू व सुपारी यांच्यामुळे उद्भवलेले तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण त्या वर्षी जगभरात सुमारे १ लाख २० हजार होते; त्यांपैकी सुमारे ८३ हजार एकट्या भारतातील. स्वीडनचा दाखला देणाऱ्यांनी हा आकडा शेजारी ठेवूनच बोलावे.

अर्थशास्त्रात ‘पर्यायी वस्तू’ ही एक नेमकी संकल्पना आहे. चहा महागला की कॉफीची मागणी वाढते, म्हणून त्या दोन वस्तू परस्परांना पर्याय. यावरून कॉफी चहापेक्षा पथ्याची ठरते, असे कोणी म्हणत नाही. तंबाखूच्या बाबतीत मात्र बाजारातला पर्याय हाच आरोग्यातला पर्याय, अशी गल्लत सर्रास होते. शिवाय पर्याय म्हटला की जिच्याऐवजी तो घ्यायचा ती वस्तू वापरणारा माणूस आधी असावा लागतो. महाराष्ट्रात असे किती आहेत? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार या राज्यातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे होते अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. दोन्ही मिळून तंबाखूचे सेवन करणारे २६.६ टक्के होते. म्हणजे साधी वजाबाकी केली तरी शंभरातील जवळजवळ २३ प्रौढ केवळ चघळणारे अथवा दातांना लावणारे निघतात. स्त्रियांचा आकडा तर अधिक बोलका आहे. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया सुमारे १७ टक्के, आणि त्यांत धूम्रपान करणाऱ्या नगण्य. पहाटे चुलीपाशी बसून मशेरी लावणाऱ्या खेड्यातील बाईने कोणती सिगारेट सोडली होती?

या मशेरीचा परिणाम केवळ तिच्यापुरता राहत नाही. मुंबईतील १२१७ गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा तंबाखूचा वापर करणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅमनी कमी भरले आणि प्रसूतीही सरासरी सहा दिवस आधी झाली. दात स्वच्छ होतात, पोट साफ होते, या समजुतीने ही राख घरोघर भाजली जाते. तिच्यावर ना छापील इशारा असतो, ना कर.

धूर नसणे ही सोय आहे, आणि ती सोय आपल्या औद्योगिक जीवनात फार पूर्वीच रुजली. मुंबईच्या कापडगिरण्यांत कापसाला आग लागण्याच्या भीतीने विडीकाडीला मज्जाव असे; कामगार तंबाखूचा बार भरून पाळी काढीत. पुढे २००३ चा कायदा आणि २००८ चे नियम यांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी केली. ती योग्यच होती. परंतु कचेरीत, बसमध्ये, आगगाडीच्या डब्यात गालातली गोळी कोणाला दिसत नाही. दिसतात त्या जिन्याच्या कोपऱ्यातील पिचकाऱ्या, आणि त्यांचा विचार आपण आरोग्याऐवजी स्वच्छतेच्या सदरात करतो.

करव्यवस्थेची तऱ्हाही अशीच. सिगारेटचे उत्पादन मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती असल्याने तेथे कर बसवणे आणि वसूल करणे सोपे. चघळण्याच्या तंबाखूचा व्यवहार असंख्य लहान कारखान्यांत, गाळ्यांत आणि टपऱ्यांवर विखुरलेला. किती पुड्या भरल्या हे मोजणे जमेना, म्हणून सरकारने २००८ मध्ये पुड्या भरणाऱ्या यंत्रांच्या संख्येवर उत्पादनशुल्क आकारण्याची पद्धत काढली. सिगारेटवर कराचा बोजा वाढला आणि पुडीचा भाव तसाच राहिला, की गरीब ग्राहकाला खुणावणारी दिशा कोणती, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको. तंबाखूमुळे देशाला सोसावा लागणारा खर्च २०१७-१८ साठी १ लाख ७७ हजार कोटी रुपयांवर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का, इतका अंदाजण्यात आला आहे. त्यातील जवळजवळ चौथा हिस्सा धूरविरहित प्रकारांचा. उत्पादनशुल्कातून हाती आलेल्या दर १०० रुपयांमागे समाजावर पडलेला भार ८१६ रुपयांचा. हा धंदा सरकारला परवडतो असे म्हणणाऱ्यांनी हे कोष्टक एकदा पाहावे.

बंदीचा मार्ग महाराष्ट्राने चोखाळून पाहिला आहे. २००२ ची गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हणून रद्द ठरवली. खाद्यपदार्थात तंबाखू अथवा निकोटिन असू नये, असा केंद्रीय नियम २०११ मध्ये आला आणि त्याच्या आधारे २०१२ पासून राज्यात पुन्हा बंदी झाली. पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, मावा आणि खर्राही आले. या मांडणीत एक गमतीचा विरोधाभास आहे. गुटखा अन्न ठरला म्हणून त्यावर बंदी आली. नुसती तंबाखू अन्न ठरत नाही म्हणून ती खुशाल विकली जाते. अन्यत्र उत्पादकांनी पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या वेगवेगळ्या काढून मिश्रणाचे काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर सोपवले. महाराष्ट्रात माल सीमेपलीकडून येतो आणि अधूनमधून ट्रक पकडल्याच्या बातम्या येतात. अंमलबजावणीचा सारा भार अन्न व औषध प्रशासनाच्या मूठभर निरीक्षकांवर टाकून याहून वेगळे काही घडण्याची अपेक्षा धरता येणार नाही.

तेव्हा करावयाचे ते काय? विडी, सिगारेट व चघळण्याची तंबाखू यांच्यावरील कर एकाच वेळी आणि अशा रीतीने वाढला पाहिजे, की एकीकडून दुसरीकडे वळण्यात ग्राहकाला काहीच बचत होऊ नये. सुट्या तंबाखूची विक्री परवान्याखाली आणावी, म्हणजे निदान ती मोजता तरी येईल. मशेरीविषयीचे काम आशा सेविकांच्या गरोदरपणातील गृहभेटींशी जोडावे. त्यासाठी वेगळ्या खात्याची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या ‘मुक्तिपथ’ मोहिमेने खर्रा व दारू यांचा प्रश्न गावागावांतील संघटनांच्या हाती दिला आहे. हा मार्ग अन्य जिल्ह्यांनीही अभ्यासण्याजोगा आहे. आणि ज्याला सिगारेट खरोखरच सोडावयाची आहे, त्याच्यासाठी निकोटिनचे गम उपलब्ध आहे, ज्यात ना नायट्रोसामाइन्सने भरलेले पान, ना सुपारी, ना चुना. मात्र हे गम बहुधा औषधाच्या दुकानात मिळते, आणि तंबाखूची पुडी शाळेपासून शंभर यार्डांपलीकडच्या कोणत्याही टपरीवर, रात्री उशिरापर्यंत, सुटे पैसे देऊन मिळते.